चिलोंबोच्या नळकांड्यातला पिंगळा

२८ सप्टेंबर

चिलोंबो,

अक्षर ओळखलं असशील. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच आणि मग फाड. मधाच्या लॉरीवरच्या मुसोलेला मी बजावलंय, सोलवेझीत पोचलास की आधी बेकरीत जायचं आणि हे तुझ्या हातात द्यायचं. तू घेतलं नाहीस तर पावांच्या टोपलीत टाकून पळायचं.

तीन हंगाम मी तुझ्याशी बोललो नाही. आजही बोललो नसतो. ज्या भाचीला मी कुऱ्हाड धरायला शिकवलं, झाडाची साल अखंड सोलून तिचं मधमाश्यांसाठी नळकांडं कसं वळायचं, ते दोराने वर कसं चढवायचं हे शिकवलं, तिने भर सभेत उभं राहून माझ्यावरच आळ घ्यावा? 'मामाने माझ्या नळकांड्यात काहीतरी घातलंय, म्हणून माश्या बसत नाहीत.' तुझेच शब्द आहेत. तेव्हापासून या गावात मी म्हणजे भाचीचा मध खाणारा मामा. पाणवठ्यावर बायका मला बघून घसा खाकरतात.

ते जाऊ दे. आता ऐक. तुझ्या नळकांड्यात माश्या का बसत नाहीत ते मला कळलं. आत बिऱ्हाड आहे. पिंगळ्याचं.

नियम मोडला नाही मी, आधीच सांगतो. आळ आलेल्या माणसाने वादातल्या झाडाच्या सावलीत पाऊल ठेवायचं नाही, आणि वाद मिटेपर्यंत त्या नळकांड्याला गावात कुणीच हात लावायचा नाही. मिटवायचा तर दोघांनी त्या झाडाखाली बसून एकाच पोळ्यातला मध खायचा. तू बसलीच नाहीस, तावातावाने लॉरीत चढलीस. तेव्हापासून तुझं ते मुपुतूचं झाड मी लांबूनच बघतोय. आज सकाळी मी माझ्याच झाडावर होतो, त्या मुपुतूसमोरच्या. माझं नळकांडं थोपटून बघत होतो, भरत आलंय का. सहज मान वर केली तर तुझ्या नळकांड्याच्या गवताच्या बुचातून एक तोंड माझ्याकडे बघत होतं. गोल गरगरीत. घुबडाला असतात तशा कानांच्या शेंड्या नाहीत. दोन पिवळेजर्द डोळे, आणि त्यांत असा राग की मला एकदम माझी बहीण आठवली. तुझी आई अशीच बघायची, मी उशिरा जेवायला आलो की.

मी हललो नाही, ती मादीही हलली नाही. मग बाजारात कापड पारखणाऱ्या बाईसारखी तिने मान खालीवर केली, मला नापसंत केलं आणि आत गेली. थोड्या वेळाने नर आला. भर उन्हात. तोंडात हिरवागार नाकतोडा. बुचाला लटकला, नाकतोडा आत दिला, शेपटी दोनदा झटकली आणि गेला. माझे पाय बधिर झाले होते, पण उतरवेना.

आता समजलं ना? मी काही घातलेलं नाही. पिंगळा बसलेल्या जागी माशी फिरकत नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल. महिन्याभराने मध काढायच्या आधीची सभा आहे. तिथे मी उभा राहणार, सगळ्यांना झाडापाशी नेणार, नळकांडं खाली उतरवायला लावणार आणि म्हणणार, बघा. तूही ये. तुझ्या तोंडावर म्हणायचंय मला.

तुझा निर्दोष मामा,
मुवांगा


९ ऑक्टोबर

चिलोंबो,

मुसोले म्हणाला, तू पत्र घेतलंस आणि न उघडता एप्रनच्या खिशात कोंबलंस. चालेल. खिशातलं पत्र माणूस कधीतरी वाचतोच.

मी आता रोज जातो. सकाळी जातो, संध्याकाळीही जातो. संध्याकाळची एक भानगड आहे. ऊन कललं की तुझ्या झाडाची सावली लांबत लांबत माझ्या झाडाच्या बुंध्याशी येते. म्हणजे उतरलो की पाय पडला सावलीत. म्हणून मी सूर्य पुरता बुडेपर्यंत वरच बसतो. सूर्य नाही तर सावली नाही. आपला मुखिया चिकुंगा म्हातारा एवढा कायदेबाज, पण त्यालाही यात खोट काढता येणार नाही. तुझी मामी म्हणते, "आता पिसं फुटायचीच बाकी राहिलीत तुम्हाला. अंडं घालाल तेव्हा हाक मारा."

तिला काय कळणार. चिलोंबो, हे पाखरू केवढंसं आहे माहीत आहे? मक्याच्या कणसाएवढं. पाठ तांबूस, तिच्यावर बारीक आडवे पट्टे. छातीवरही पट्टे, पण खाली पोटाकडे आलं की त्यांचे ठिपके होतात, जणू काढणाऱ्याला कंटाळा आला. खांद्यावरून पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ. आणि घुबडांनी दिवसा झोपायचं असतं हे याला कुणी सांगितलेलंच नाही. ढगाळ दिवस असला की सकाळभर शिकार चालते. नाकतोडे, भुंगे, गोम, झाडावरचे सरडे. परवा उंदीर. सरडा असला की फांदीवर धोपटतो, आपण चटई झटकतो तसा, आणि मग आधी डोकं खातो. डोकं स्वतःला, बाकीचं बायकोला. मी मामीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "निदान बाकीचं तरी देतो."

आणि त्याचा आवाज. हा आवाज मी जन्मभर ऐकत आलोय आणि जन्मभर बेडकाचा समजत आलोय. क्रर्र, क्रर्र, क्रर्र, आधी हळू, मग चढत चढत, आणि शेवटी लांब दुहेरी शीळ. मी तुलाही तेच शिकवलं होतं, आठवतं का? 'हा झाडावरचा बेडूक, हा ओरडला की मध पिकला.' कसला बेडूक. पिंगळा होता तो, बायकोला सांगत होता, येतोय गं. लहान पाखरं त्याचा आवाज ऐकून जमतात आणि त्याला अशा शिव्या घालतात की आपल्या पाणवठ्यावरच्या बायकांनी शिकावं. तो ढिम्म. मान पार मागे फिरवून एकेकाकडे बघतो. मला त्याचं फार बरं वाटलं. लोक काही का बोलेनात, माणसाने असं बसावं.

पिल्लं निघाली आहेत. दिसत नाहीत, पण मादी आता दारात बसत नाही, आणि नर काही आणतो ते बारीक तुकडे करून आणतो. आतून एक आवाज येतो, म्हाताऱ्याचा दमा असावा तसा.

सभेचं मात्र जरा अडलंय. सापालोने अक्कल पाजळली. माझा तो मावसभाऊ, घसा बसेल एवढं मोठ्याने बोलणारा. मी त्याला सहज विचारलं, समज, एखाद्या नळकांड्यात माश्यांऐवजी दुसरंच काही निघालं तर? तो म्हणाला, "तर मग वाद कसला? वाद संपला, नळकांडं तीन हंगाम रिकामं, म्हणजे टाकून दिलेलं. उतरवायचं, फोडायचं, चुलीत घालायचं. ती बेचकी मी धरणार. तुझ्या भाचीने जागा मात्र मोक्याची निवडली होती." त्याचा डोळा पहिल्यापासून त्या बेचकीवर आहे. चारी बाजूंनी फुलोरा, खाली वाळवी नाही.

म्हणजे मी सभेत खरं बोललो तर माझं नाव धुऊन निघेल, आणि त्याच दुपारी पिल्लं खाली येतील. त्यांना अजून पिसंही नसतील.

सांगायचं तर आहेच. सभेपर्यंत कदाचित उडतील. तू वाचत असशील तर कळव, घुबडाची पिल्लं किती दिवसांत उडतात? बेकरीत कुणाला तरी माहीत असेल. सोलवेझीत शहाणी माणसं असतात म्हणे.

मामा


२४ ऑक्टोबर

चिलोंबो,

हे पत्र मी रागाने लिहितोय.

काल सकाळी वारा सुटला होता. मी माझ्या झाडावर. तुझ्या नळकांड्याच्या दारात पहिल्यांदाच एक पिल्लू आलं. सगळा राखी कापूस, त्यात दोन डोळे. मी एवढा हरखलो की फांदीवरून पडता पडता वाचलो. पण पडलं ते. वाऱ्याचा झोत आला आणि ते टपकन खाली गवतात. मादी ओरडायला लागली. मी थांबलो. म्हटलं, आईबाप बघतील. मग मला बुंध्याशी लाल मुंग्यांची धार दिसली, सरळ त्याच्याकडे वळलेली.

गेलो मी सावलीत. तीन हंगामांत पहिल्यांदा. विचार केलाच नाही, तेव्हा विचार केला असं खोटं सांगणार नाही. पिल्लू उचललं, मुंग्या झटकल्या, सदऱ्याच्या आत घातलं आणि कमरेला दोर टाकून चढलो. या वयात. मादी दोनदा माझ्या टाळक्यावर आली, कानाला अजून खपली आहे. पिल्लू पोटाशी नखं रुतवून बसलेलं आणि चोचीने टकटक आवाज करत होतं, मला दम देत होतं. एवढासा जीव. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि दोन्हींना कारण नव्हतं.

वर पोचलो. आत दुसरं एक होतं, ते मागे सरकलं. याला आत ठेवलं. आणि हात बाहेर काढताना माझी बोटं बुचाच्या भोकावरून फिरली.

ते भोक कुरतडलेलं नव्हतं, चिलोंबो. फाटलेलंही नव्हतं. कापलेलं होतं. सुरीने, गोल. आणि काठ सालीच्या दोरीने गुंफलेला, गवत उसवू नये म्हणून. दोरी मेणाने घासलेली, म्हणून इतकी पावसाळी झड खाऊनही शाबूत. आणि गाठ उलटी. या सगळ्या जंगलात उलटी गाठ मारणारं डावखुरं माणूस एकच आहे, आणि त्याला गाठ मारायला मी शिकवलं. तू नेहमी माझ्या समोर बसून शिकायचीस, म्हणून आरशात बघितल्यासारखं तुझं सगळं उलट व्हायचं.

तुला माहीत होतं. पहिल्याच वर्षी तू वर चढलीस, आत पिंगळा बघितलास, त्याला हाकललं नाहीस, उलट दार करून दिलंस. आणि खाली उतरून सभेत आलीस आणि माझं नाव घेतलंस.

का? रात्रभर मी हेच डोक्यात घोळवत होतो. मग मला सभेचा तो दिवस आठवला. तू पहिली बाई, जिने आपल्याकडे नळकांडं टांगलं. सापालो आणि त्याची टोळी आधीच म्हणत होती, बाईच्या नळकांड्यात मध नाही, पोरं निघतील. पिंगळा निघाला असं कळलं असतं तर तुझं जगणं मुश्कील केलं असतं त्यांनी. आणि वर पिंगळ्यालाही मारलं असतं. मामावर आळ घेतला की काम झालं. वादातलं नळकांडं, कुणी हात लावायचा नाही. पिंगळाही सुरक्षित, तूही सुरक्षित. मेला कोण? मामा.

हुशार आहेस. माझ्याच हाताखाली वाढलीस. पण मला सांगितलं असतंस तर मी गप्प राहिलो नसतो का? नसतो राहिलो, हे मलाही माहीत आहे. मी माझ्या नावासाठी बोंब मारली असती. तरी सांगायचं होतंस.

आणखी एक. खाली उतरलो तर सापालो उभा. दोर माझ्या कमरेला, पाय तुझ्या सावलीत. तो एवढंच म्हणाला, "अजून घालतोयस का आत?" आणि गावाकडे चालता झाला. सभा दहा दिवसांवर आहे. आता मला खरं सांगावंच लागेल. तुझी तीन वर्षांची कारागिरी आणि गाठ सगळ्यांसमोर येईल.

मी तुला बजावून ठेवतोय, एवढंच.

मुवांगा


३ नोव्हेंबर

चिलोंबो,

सभा झाली. बसून वाच.

चिकुंगा म्हातारा मध्ये चटईवर. आम्ही सगळे गोल, प्रत्येकाची कुऱ्हाड त्याच्या पुढ्यात आडवी. हळू टाळ्या वाजवून नमस्कार झाला. दर वर्षी यानंतर धुराची पहिली चूड मी पेटवतो आणि मध काढायला सुरुवात होते. माझ्या मामाने मला दिलेला मान आहे हा. तो तुला, आणि तुझ्यानंतर तुझ्या मुलाला द्यायचा होता. या वर्षी चूड तशीच पडून राहिली, कारण सापालो उठला.

"मी डोळ्यांनी बघितलं," तो म्हणाला. "भाचीच्या झाडावरून उतरत होता. दोर होता कमरेला."

चिकुंगा माझ्याकडे वळला. "मुवांगा, सावलीत गेलास?"

"गेलो."

"चढलास?"

"चढलो."

"कशासाठी?"

मला वाटलं होतं, मी पटकन बोलून मोकळा होईन. तीन वर्षं हीच तर वाट बघत होतो. आठवडाभर मी ते वाक्य घोकलं होतं. पण सापालोच्या पुढ्यात कुऱ्हाडीशेजारी दोरही होता, गुंडाळलेला, नवा. सभा संपण्याची वाट बघत ठेवलेला. आणि आदल्या संध्याकाळी मी बघितलं होतं, पिल्लांच्या पंखांवर पिसांच्या काड्या नुसत्या फुटू लागल्या होत्या. पडलेलं होतं ना, ते अजून एका पंखाने आळशी होतं. दारात आलं की मी वरून म्हणायचो, मागे हो, मागे हो गाढवा.

मी म्हणालो, "बूच बघायला गेलो. तीन वर्षांपूर्वी मीच आत घातलं होतं, ते अजून आहे का बघायला."

सापालोचं तोंड उघडंच राहिलं. मी नाही म्हणणार, मग तो ओरडणार, मग मजा येणार, अशी सगळी तयारी करून आलेला बिचारा. बायकांच्या बाजूने कुणीतरी 'अगो बाई' म्हटलं. तुझी मामी माझ्याकडे बघत होती. ती पिंगळ्याच्या मादीसारखीच बघते कधी कधी.

"काय घातलं होतंस?" चिकुंगाने विचारलं.

याची मी तयारी केली नव्हती. "तंबाखू," मी म्हणालो. "ओली तंबाखू."

"तू तंबाखू खात नाहीस."

"विकत घेतली."

"का घातलीस?"

"ती चांगलं काम करत होती," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा चांगलं. बघवलं नाही."

हे मात्र पुरतं खोटं नव्हतं, अर्धं खरं होतं. तुझी नळकांडी माझ्यापेक्षा गोल यायची.

म्हाताऱ्याने माझं तोंड निरखलं. त्याला काहीतरी दिसलं असावं, पण त्याने ते बोलून दाखवलं नाही. शिक्षा सांगितली. या हंगामात मी एकाही नळकांड्याला हात लावायचा नाही. माझा सगळा मध माश्यांना. पहिली चूड सापालोने पेटवायची. आणि वाद अजून मिटलेला नाही, कारण अपराधी कबूल झाला तरी तक्रार करणारीने त्याच्याबरोबर पोळं खाल्लेलं नाही. म्हणून तुझ्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. तुला निरोप धाडायचा असं ठरलं.

सापालोने चूड पेटवली. त्याला फुंकायची कशी तेही धड जमत नाही. धूर त्याच्याच नाकात गेला. मी उठून घरी आलो आणि अंगणात पाठ करून बसलो. दुखलं मला, चिलोंबो. खोटं का बोलू? त्या चुडीचं मला फार दुखलं.

मामी आली आणि शेजारी बसली. तिने शेंगांची टोपली पुढे केली आणि म्हणाली, "तंबाखूच का? मिरची तरी म्हणायचं होतं. मिरची आपल्याकडे आहे."

मी हसलो. मग तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोरीला कळवा. नाहीतर तिला वाटेल, मामाने खरंच घातलं होतं." तिला कसं वाटेल, मी म्हटलं, गाठ तर तिचीच आहे.

मग संध्याकाळी झाडावर गेलो. माझ्या नळकांड्याला हात लावायचा नाही, झाडावर चढायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही.

गावाचा निरोप मुसोलेबरोबर येईलच. माझा त्यात धरू नकोस. यायचं की नाही, तू ठरव.

मामा


१७ नोव्हेंबर

चिलोंबो, पोरी,

मुसोले आला. पावाची एक लादी, मामीसाठी कापड, आणि निरोप. तो त्याने मला अंगणात उभा राहून, पाठ केल्यासारखा सांगितला. "चिलोंबो म्हणाली, शनिवारच्या लॉरीने येते. आणि म्हणाली, मामाला विचार, किती उडाली?"

मी त्याला दोनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा त्याला राग आला.

दोन उडाली. पहिलं गेल्या रविवारी गेलं, एका दमात, माझ्याच झाडावर येऊन माझ्या डोक्यावरच्या फांदीला लटकलं, उलटं. मी श्वास धरून बसलो. बापाने त्याला भुंगा आणून दिला, तो माझ्या मांडीवर पडला, आणि त्याने तो माझ्या मांडीवरून उचलून पुन्हा दिला. माझ्याकडे बघितलंही नाही. मी कुणी आहे, कबुलीजबाब देऊन बसलेला माणूस आहे, याचं त्याला काही नाही. पडलेलं मात्र दारातच बसून राहिलं. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. आईने सरडा धरून समोरच्या फांदीवर बसायचं आणि द्यायचा नाही. हा ओरडणार, आणि ती बघत बसणार. मी वरून म्हणत होतो, अरे दे की बाई. बुधवारी तो चिडला, खरंच चिडला, आणि रागाच्या भरात उडाला. वाकडा उडाला, पण पोचला, आणि सरड्याचं डोकं त्यालाच मिळालं. मी एवढ्या जोराने टाळ्या वाजवल्या की चारी जण पळाले. खाली आल्यावर दिसेल त्याला सांगावंसं वाटत होतं, आणि सांगायला एकही माणूस नव्हतं. पळत घरी आलो आणि मामीला सांगितलं. ती पीठ चाळत होती. तिने चाळण खाली ठेवली आणि म्हणाली, "वाकडा उडाला म्हणजे नेमका कसा?" मग मी तिला हात पसरून अंगणात उडून दाखवलं. शेजारच्यांनी बघितलं. बघू देत.

आता शनिवारचं नीट ऐक.

तू लॉरीतून उतरशील तेव्हा सगळं गाव जमलेलं असेल. झाडाखाली चटई असेल. मी एका बाजूला, तू समोर, मध्ये पोळ्याचा तुकडा. चिकुंगा बोलेल. तुझ्या मनात आता काय आहे ते मला कळतंय, तुझा स्वभाव मला माहीत आहे. उभी राहशील आणि म्हणशील, मामाने काही केलं नाही, मी केलं, आत पिंगळा होता. माझं नाव धुऊन टाकशील. खबरदार असं केलंस तर.

पिंगळा पुढच्या वर्षी परत येणार. तीन वर्षं आला तसा, त्याच दारात. काल संध्याकाळीही नर बुचाशी येऊन आत डोकावून गेला, घर कसं ठेवलंय ते बघायला. आपला वाद मिटला की नळकांडं मोकळं झालं. सापालोचा नवा दोर अजून गुंडाळलेलाच आहे.

म्हणून पोळं हातात घे. तोंडाजवळ ने. आणि मग माझ्याकडे बघ, तुझ्या आईसारखी, आणि खाली ठेव. म्हण, माझं मन अजून होत नाही. म्हण, पुढच्या हंगामात बघू. लोक म्हणतील, काय खुनशी पोर आहे, म्हाताऱ्याने भरसभेत कबूल केलं तरी हिचं मन द्रवत नाही. म्हणू देत. मी मान खाली घालून बसेन, मला आता ते छान जमतं. आणि मग तुला दर वर्षी यावं लागेल, भर हंगामात, सगळ्यांसमोर माझ्याशी भांडायला. न येऊन चालणार नाही, रीत आहे.

भांडून झालं की मामीबरोबर घरी ये, मागच्या दाराने. मागच्या वर्षीचं एक आख्खं पोळं तिने मातीच्या मडक्यात लपवून ठेवलंय, तुझ्यासाठी ठेवलंय हे मला काल कळलं. तीन हंगाम ती दर वर्षी एक ठेवत होती म्हणे आणि मला सांगत नव्हती. दार लावून घेऊ आणि तिघं एकाच पोळ्यातलं खाऊ.

शनिवारी ये. सुरी आणि मेणाची दोरी घेऊन ये, तुझी उलटी गाठ मारायचीय, बुचाचा डावा काठ थोडा उसवलाय.

मामा